सतरा नंबरचा उजवा हात

"डावीच बाजू निघाली न्हवं, ताई?"

कोरेअण्णांनी हे अगदी सहज विचारलं, दारात उभं राहून, रुमालाला हात पुसत. मी चहाचा कप ओठापर्यंत नेला होता, तो तसाच खाली ठेवला. तो निकाल माझ्या संगणकावर त्याच दिवशी सकाळी आला होता, आणि डॉक्टर सबनीसबाईंखेरीज मी तो कुणालाही सांगितलेला नव्हता.

"कशाची डावी बाजू?" मी विचारलं.

"सतरा नंबरची ओ."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगतंय? इचारलं आपलं." रुमाल खिशात कोंबून ते निघून गेले. आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेच्या एका संस्थेत तेव्हा मेंदूपेढी होती. रक्तपेढीला लोक जिवंतपणी रक्त देतात, इथं मेल्यावर मेंदू देत. कंपवात, विस्मरण, हातपाय आखडत नेणारे नाना रोग, ज्यांचं नाव माणूस जिवंत असताना खात्रीनं सांगता येत नाही, त्यांचा छडा आम्ही तो गेल्यावर लावायचो. ज्याला सांगायचं तो तोवर ऐकायला उरलेला नसे. घरचे मात्र असत, आणि सबनीसबाईंचा शिरस्ता असा की प्रत्येक घरच्यांना एकदा बोलवायचं, चहा द्यायचा आणि काय निघालं ते साध्या भाषेत समोर बसून सांगायचं.

माझं काम जुळणीचं. माणूस हयात असताना काढलेला मेंदूचा स्कॅन एकीकडे, तो गेल्यावर त्याच मेंदूचे सूक्ष्मदर्शकाखालचे काप दुसरीकडे, आणि दोन्ही संगणकावर एकावर एक अचूक बसवायचे. स्कॅन म्हणजे गावाचा नकाशा. त्यात गल्ल्या दिसतात, पण कुठल्या घरात काय धुमसतंय ते दिसत नाही. कापात घराच्या आतलं सगळं दिसतं, पण ते घर गावात नेमकं कुठं ते कळत नाही. दोन्ही जुळले तर पुढच्या पेशंटचा नुसता स्कॅन बघून डॉक्टरांना काहीतरी सांगता येईल, या आशेवर आमचा सगळा खटाटोप चालायचा.

काप करायचे ते कोरेअण्णा. विरूपाक्ष कोरे. निवृत्तीला सात महिने राहिलेले, अठ्ठावीस वर्षं याच खोलीत गेलेली. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात धुऊन धुऊन विटलेला एप्रन, आणि हात असे की फॉर्मालिनमध्ये मुरून खरवसासारखा घट्ट झालेला मेंदू त्यांच्या तळहातावर आला की आपण श्वास रोखून बघत राहावं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक गोष्ट शिकवली होती.

"ताई, मेंदू हातात घेतला की माणूस आपल्याम्होरं बसलाय असं समजायचं न्हाई. त्येच्या पाठीमागं उभं ऱ्हायचं. म्हंजे त्येचा उजवा त्यो आपला उजवा. म्होरं बसवलासा की समदं उलटं."

कापायच्या आधी ते उजव्या अर्ध्याला कुंचल्यानं हिरवी शाई लावत. कारण केसाहून पातळ काप एकदा काचेवर चढला की त्याला पुढची बाजू नसते आणि मागचीही नसते. काच उलटी धरली की उजव्याचं डावं होतं. मग कुठला भाग कुठला, हे सांगणारा एकच साक्षीदार उरतो, ती शाई. आणि अण्णांच्या शाईवर सगळ्यांचा डोळे झाकून विश्वास होता. त्या विश्वासावर माझा संगणक चाले, सबनीसबाईंचे निबंध चालत आणि संस्थेचं नाव चाले.

आता माझ्याबद्दल. मी जात्याच संशयी. आई म्हणायची, संयोगिताला देवळातलं तीर्थ दिलं तरी ही आधी वास घेऊन बघेल. दूधवाल्यानं माप भरताना बोट आत बुडवलं की नाही, रिक्षावाल्यानं लांबचा रस्ता धरला की काय, मैत्रिणीनं फोन ठेवताना घाई का केली, असल्या गोष्टींत माझा अर्धा दिवस जाई. या गुणाचा मला अभिमानही होता. तेव्हा अण्णांचा तो प्रश्न मी सोडून देणं शक्यच नव्हतं. तीन वर्षांत या माणसानं मला कधीही, कुठल्याही मेंदूचा निकाल विचारलेला नव्हता. मेंदू आला की त्याला नंबर पडायचा. नाव, गाव, घर सगळं सबनीसबाईंच्या कपाटात कुलूपबंद. कापणाऱ्याला आणि जुळणाऱ्याला माणूस माहीत नसावा असा नियमच होता, आणि तो अण्णांनीच सगळ्यात कडक पाळलेला. आणि आता त्यांना सतरा नंबरची नुसती चौकशी नव्हती करायची. बाजूसुद्धा आधीच ठाऊक होती.

निकाल तसा सरळ दिसत होता. सतरा नंबरच्या मेंदूत रोगाचे तपकिरी ठिपके डाव्या अर्ध्यात, हात चालवणाऱ्या पट्टीत, अगदी गच्च भरले होते. उजव्यात त्या मानानं विरळ. मेंदूचा कारभार उलटा असतो, डावा अर्धा उजवा हात चालवतो. म्हणजे या माणसाचा रोग उजव्या हातापासून सुरू झाला होता. सबनीसबाईंनी टिपण लिहायला घेतलं होतं, आणि पुढच्या शनिवारी घरच्यांना बोलावलंही होतं.

मी पुन्हा जुळणी उघडली आणि दाराला आतून कडी घातली.

काप स्कॅनवर बसवताना संगणक कापाला थोडा ताणतो, थोडा आवळतो. फॉर्मालिनमध्ये मेंदू आकसतो, कापताना जरा वेडावाकडा होतो, तेवढं चालतंच. पण सतरा नंबरला संगणकानं सगळीकडे ओढाताण केली होती. दुसरीच्या मापाचा ब्लाउज अंगात चढवावा तसा तो काप स्कॅनवर चढला होता. चढला होता खरा, पण शिवणी ताणलेल्या. सकाळी ते माझ्या नजरेतून सुटलं होतं, याचा मला राग आला. आणि लगेच वाटलं, हा मेंदू या स्कॅनचा नाहीच. मेंदू बदललाय.

एकदा हे डोक्यात आलं, मग काय, जिकडेतिकडे पाणी मुरताना दिसायला लागलं. मेंदू फॉर्मालिनच्या बादल्यांत ठेवलेले असत, त्या साठवणीच्या खोलीत मी गेले. बाकीच्या बादल्यांवरच्या चिठ्ठ्या पिवळ्या पडलेल्या, सतराची कोरी करकरीत.

"ही नवी कशी?" मी विचारलं.

"जुनी भिजून सुटली," अण्णा म्हणाले. माझ्याकडे न बघता.

"आणि नोंदवहीत सतराच्या पानावर खाडाखोड आहे."

"माझं अक्षार म्हातारं झालंय ताई, माझ्यासंगट."

हसण्यावारी नेलं त्यांनी. मी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कँटीनच्या मागं, नळाशी, ते एका म्हाताऱ्या बाईशी बोलताना दिसले. पांढरं लुगडं, कपाळावर विभूती, हातात कापडी पिशवी. तिनं पिशवीतून डबा काढून त्यांना दिला. अण्णांनी इकडेतिकडे बघून डबा एप्रनखाली घेतला. मी खांबाआड थांबले. खांबाआड थांबायची मला तेव्हा लाजही वाटली नाही, हे सांगायला हवं.

"सनवारी बाईंच्या तोंडनं ऐकशीलच की," अण्णा म्हणत होते. "त्या खोटं बोलत्यात व्हय?"

म्हातारीनं त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. मी मनातल्या मनात सगळा गुन्हा उभा केला. हे कुणीतरी घरचे लोक आहेत. अण्णा त्यांना निकाल विकतायत. कदाचित मेंदूच सांडला-बिघडला असेल आणि दुसरा ठेवला असेल. संध्याकाळी मी सबनीसबाईंसमोर जाऊन बसले आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं.

बाईंनी चष्मा काढला. "डब्यात काय होतं?"

"ते मला कसं कळणार?"

"मग एवढं कसं कळलं? संयोगिता, अठ्ठावीस वर्षांत कोरेंची एक काच चुकलेली नाही. मी इथं आले तेव्हा मलाही काप धरायला त्यांनी शिकवलं. तुझ्याकडे पुरावा असेल तर घेऊन ये. नसेल तर हे माझ्यापाशी बोललीस तेवढं पुरे."

मी तोंड पाडून परत आले. पण खाज होती ती होतीच.

सोळा नंबरचे काप सतराच्या स्कॅनवर बसवून बघितले. त्याहून वाईट. पंधरा, त्याहूनही वाईट. चौदा तर बसेचना. मग हा मेंदू आहे तरी कुणाचा? तीन दिवस मी जेवण सोडून त्या पडद्यासमोर बसले. शेवटी चौथ्या दिवशी, काही सुचेना म्हणून, निव्वळ चिडून मी कापाचं चित्र उलटं केलं. आरशात धरावं तसं. उजव्याचं डावं, डाव्याचं उजवं.

आणि काप स्कॅनवर जाऊन अलगद बसला. कुठं ताण नाही, कुठं चुणी नाही. या माणसाच्या मेंदूत तिळाएवढं एक जुनं भोक होतं, पूर्वी कधीतरी रक्त अडून पडलेलं, त्याला त्रास न देता. स्कॅनमधलं भोक आणि कापातलं भोक बरोबर एकमेकांवर आलं.

मेंदू बदललेला नव्हताच. मेंदू सतराचाच होता. उलटी होती ती बाजू.

आता दोघांपैकी खोटं कोण, स्कॅन की शाई? आमच्याकडे स्कॅन काढताना पेशंटच्या उजव्या कानशिलाला माशाच्या तेलाची गोळी पट्टीनं चिकटवतात. ती स्कॅनमध्ये पांढऱ्या ठिपक्यासारखी उजळते, आणि तिच्यामुळं बाजूचा घोळ कधी होत नाही. गोळी जागच्या जागी होती. म्हणजे खोटी होती ती शाई. हिरवा रंग सतराच्या डाव्या अर्ध्याला लावलेला होता.

मी उठले तेव्हा मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू, पाय जमिनीवर नव्हते.

अण्णा कापायच्या खोलीत एकटेच होते. भर दुपार, पंखा चालू, ते नळाखाली कुंचले धूत होते. मी दार लावून घेतलं.

"अण्णा, सतराला शाई उलटीकडे लागलीय."

त्यांचा हात थांबला नाही. "लागली आसंल. म्होरं धरून लावली आसंल. वय झालं माझं."

"ही नवशिक्याची चूक आहे. मला पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलंत, पाठीमागं उभं राहायचं म्हणून. बाकीच्या सोळा मेंदूंना तुम्ही पाठीमागं उभे होता, आणि याच एकाच्या समोर कसे गेलात?"

ते कुंचला धूत राहिले.

"आणि मी निकाल सांगायच्या आधी बाजू ठाऊक होती तुम्हाला. 'डावीच ना' म्हणून विचारलंत. ती बाई कोण?"

अण्णांनी कुंचला झटकला, उभा करून भांड्यात ठेवला. मग दुसरा घेतला. तोही आधीच स्वच्छ झालेला होता, तरी धुतला.

"थोरली बहीण माझी," ते म्हणाले. "निलाअक्का. आन सतरा नंबर म्हंजे आमचं दाजी. गुरुपाद मास्तर, आरगचं."

मी स्टूल ओढून बसले.

"दाजी गेलं तवा मीच अक्काला म्हणालो, मेंदू देऊया. भावकी अंगावर आली. आमच्यात पुरत्यात ताई, जाळत न्हाईत. देह अर्धवट पुरताय व्हय म्हणून मला शिव्या घातल्या. अक्कानं कुणाचं ऐकलं न्हाई. तिला एकच इचारायचं व्हतं."

"काय?"

"मास्तरांनी जन्मात कुठल्या पोराला छडी लावली न्हाई. अख्खं आरग सांगंल. आन आजार कळायच्या आदी वरीसभर त्यांनी अक्काला मारली. जेवान वाढताना, देवाजवळ बसल्यावर, कवाबी. तोंडात. ह्या हातानं." त्यांनी स्वतःचा ओला उजवा हात वर केला. "मग हळूहळू दोन्ही हात वाळल्या लाकडागत झालं. डाक्टर म्हणालं, ह्यो रोग एका हातापासनं सुरू हुतो. त्यो हात माणसाचं ऐकत न्हाई, आपल्याच मनानं चालतोय. तवापासनं अक्का मला इचारत्या, विरू, कुठल्या हातापासनं?"

पंखा फिरत होता.

"नियम मला बी ठावं हाय. माझा माणूस हाय म्हणून मी बाईंस्नी सांगून बाजूला व्हायचं व्हतं. न्हाई झालो. म्हटलं, दुसऱ्याच्या हातात कशाला. आन दाजींचा मेंदू हातात घेतला तवाच कळलं. उजवीकडची खाच रुंद लागली बोटाला. उजवा अर्धा आधी वाळलाय. म्हंजे रोग डाव्या हाताचा." त्यांनी नळ बंद केला. "म्हंजे मारणारा हात चांगला व्हता. त्यो त्यांचाच व्हता."

"म्हणून तुम्ही शाई फिरवली."

"फिरवली. आन तिला सांगून बी टाकलं, उजवाच म्हणून. तुमच्या तोंडून डावी बाजू पक्की झाली की न्हाई तेवढं बघायला आलतो त्या दिवशी." पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "दाजी गेलं. अक्का हाय. सत्तरीची हाय. कुणाचं काय बिघडतंय, ताई?"

"हा रोग पुढं ज्याला होईल त्याचं बिघडतं," मी म्हणाले. "तुमच्या शाईवरून मी नकाशा करतेय. त्या नकाशावरून कुणीतरी डॉक्टर कुणाला तरी सांगणार आहे."

"शंभरातला एक मेंदू."

"आपल्याकडे शंभर नाहीत, अण्णा. सतरा आहेत."

माझं म्हणणं बरोबर होतं, आणि ते बरोबर आहे हे मला फार आवडत होतं. आज त्याची शरम वाटते, तेव्हा वाटली नाही.

"उद्या दुपारपर्यंत तुम्ही बाईंना सांगा," मी म्हणाले. "नाहीतर मला सांगावं लागेल."

ते स्वतःच गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी, एप्रन न घालता. अर्ध्या तासानं बाहेर आले तेव्हा खोलीची किल्ली त्यांच्याजवळ नव्हती. सबनीसबाईंनी त्यांना निवृत्तीपर्यंत संस्थेच्या वस्तुसंग्रहालयात काचा पुसायला पाठवलं. मला बोलावून एवढंच म्हणाल्या, "जुळणी पुन्हा कर. टिपण मी बदलते. आणि पुराव्यानिशी आलीस म्हणून शाबासकी द्यायला हवी तुला. पण आज नको."

शनिवारी निलाअक्का आल्या. तीच पांढऱ्या लुगड्यातली बाई, तीच पिशवी. अण्णा त्यांच्याबरोबर आले, पण खुर्चीवर बसले नाहीत, दाराजवळ उभे राहिले. पडद्यावर चित्रं दाखवायची म्हणून बाईंनी मला थांबवून घेतलं होतं.

सबनीसबाईंनी कधी नव्हे ते लांबण लावली. रोगाचं नाव सांगितलं, तो कुणामुळं होत नाही, खाण्यापिण्यानं होत नाही, मुलांना लागत नाही, सगळं सांगितलं. अक्का मान डोलवत राहिल्या. त्यांना ज्यासाठी यायचं होतं ते अजून आलं नव्हतं, हे खोलीतल्या चौघांनाही कळत होतं. शेवटी बाई म्हणाल्या, "मास्तरांचा रोग मेंदूच्या उजव्या अर्ध्यात सुरू झाला, अक्का. म्हणजे डाव्या हातापासून."

अक्कांची मान डोलायची थांबली.

"डाव्या?"

"हो."

"नक्की का ओ?"

"नक्की."

तेवढ्यात वॉर्डातून बाईंना बोलावणं आलं. "दोन मिनिटांत येते," म्हणून त्या उठल्या. इतक्या घाईनं उठल्या की माझा संशय अजूनही जात नाही, पण तो राहू दे. खोलीत आम्ही तिघं उरलो. अण्णा जमिनीकडे बघत होते.

"म्हंजे उजवा त्यांचाच व्हता," अक्का म्हणाल्या. रडल्या नाहीत. शेजारच्या घरची हकिकत सांगावी तशा म्हणाल्या. "विरूनं मला उजवा रोगाचा म्हणून सांगितलंतं. आठ दिस पोटभर जेवले बघ. शेंगाची चटणी न् भाकरी करून ह्यालाबी आणून दिली."

मी पडद्यावरचं चित्र उगीच लहानमोठं करत राहिले.

"ऱ्हाऊ दे ते. मारलं ते मारलं. तू डाव्याचं सांग मला." त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली, पुढं वाकल्या, आणि आपलं डावं मनगट माझ्यापुढं धरलं. "उजव्यानं मारून झालं की डाव्या हातानं हे मनगाट धरायचे. धरलं की सोडायचेच न्हाईत. आमटी गार हुईस्तोवर मी तशीच बसायची. मग बोटं एकेक करून सोडवायला लागायची. मला वाटायचं, पस्तावलेत. तोंडानं बोलता येईना झालंय म्हणून हातानं बोलत्यात. समदी वर्सं त्येच्यावर काढली मी. कुणाला सांगितलं न्हाई, ह्या विरूलाबी न्हाई."

दाराशी अण्णांनी मान वर केली. त्यांना हे खरंच माहीत नव्हतं.

"त्यो धरणारा बी रोगाचाच व्हता का गं, बाळ?"

मला उत्तर पाठ होतं. या रोगाच्या पहिल्या पानावर ते लिहिलेलं असतं. रोग धरलेल्या हाताला जे सापडेल ते तो घट्ट धरतो, आणि मालकानं म्हटलं तरी सोडत नाही. दाराची कडी, चादरीचं टोक, बायकोचं मनगट, त्याला सगळं सारखंच. अण्णांची शाई तशीच राहिली असती तर मारणारा हात रोगाचा ठरला असता आणि धरणारा मास्तरांचा. मी ती शाई पकडली होती, आणि एका फटक्यात अक्कांकडून मास्तरांचे दोन्ही हात काढून घेतले होते.

"नाही, अक्का," मी म्हणाले. "तो त्यांचाच होता."

"डावा?"

"हो."

"आत्ता बाई म्हणाल्या, डावा रोगाचा."

"म्हणजे हात रोगाचा. पण ते धरणं... धरणं त्यांचं होतं."

"ह्ये दिसलं तुला त्या मशिनीत?"

"दिसलं ना."

"कुठंशी? दाव की."

मी पडद्यावर बोट ठेवलं. कुठं ठेवलं ते मलाही माहीत नव्हतं. अक्कांनी त्या बोटाकडे बघितलं नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं. मी आयुष्यभर लोकांकडे जशी बघत आले तशाच बघत होत्या, पापणी न हलवता, आणि ती नजर आपल्यावर आली की काय होतं ते मला तेव्हा कळलं. मी खाली बघितलं.

अक्का गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. पिशवी उचलली. जाता जाता माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"ऱ्हाऊ दे, बाळ," त्या म्हणाल्या. "तुला खोटं बोलाय येत न्हाई. आमच्या विरूला लई झ्याक येतंय."